मार खाणाऱ्याची याचिका

१

"तुम्हाला मार बसला?" न्यायमूर्तींनी विचारलं.

"हो साहेब."

"पोलीस ठाण्यात?"

"हो."

"आणि ज्या जमादाराने तुमचा हात मोडला, त्याला शिस्तभंग समितीने नोकरीतून काढून टाकलं. बरोबर?"

"त्याला काढून टाकलं, हे बरोबर आहे."

न्यायमूर्तींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग तक्रार कशाची? शिक्षा कमी पडली?"

"नाही साहेब. त्याला परत कामावर घ्या. त्याने मला मारलेलं नाही."

पेंगणारं कोर्ट खडबडून जागं झालं. समोर उभा असलेला माणूस तिशी ओलांडलेला, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. त्याच्या कानाच्या पाळीवर हिरव्या रंगाचा थेंब वाळून बसला होता. उजवा हात त्याने पोटाशी धरला होता. त्या हाताची बोटं मिटत नव्हती.

पोलीस खात्याचा वकील ताडकन उठला. "साहेब, हे म्हणजे मढं एकाचं आणि रडणारा दुसराच! जमादाराने गुन्हा कबूल केला आहे. निर्णयाला त्याने स्वतः आव्हान दिलेलं नाही. मग मार खाणाऱ्याने मारणाऱ्याची वकिली कशाला करावी?"

"तेच मीही विचारतोय," न्यायमूर्ती म्हणाले आणि पेंटरकडे वळले. "जमादाराने नाही, तर कुणी मारलं?"

"ते मी सांगणार नाही."

"का?"

पेंटरने मान खाली घातली. "लाज वाटते साहेब."

न्यायमूर्तींनी चष्मा उचलून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "हे कोर्ट नव्याने चौकशी करत नाही. समितीने निर्णय नीट घेतला की नाही, एवढंच बघतं. पण ज्याच्यासाठी शिक्षा दिली तोच म्हणतोय की माणूस चुकला, तर मला कानावर हात ठेवता येणार नाहीत. कोर्टाला मदत म्हणून मी एक वकील नेमतो."

त्यांनी कोर्टभर नजर फिरवली आणि मागच्या बाकावर डबा उघडायच्या बेतात असलेल्या एका बाईंवर ती थांबली.

२

या वकीलबाईंना बार रूममध्ये सगळे 'चिमटा' म्हणत. साक्षीदाराच्या बोलण्यातलं बारीक कुसळ त्या अलगद उपटून काढायच्या, म्हणून. नाव त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

पेंटर त्यांना एका पाळणाघराच्या दारात, शिडीवर भेटला. डाव्या हाताने 'पा' काढत होता. काना जरा कलला होता.

"पुन्हा काढावा लागेल," तो स्वतःशीच म्हणाला.

त्याने सांगितलं ते असं. एका मोटारसायकलने एका म्हातारीला उडवलं आणि स्वार पळून गेला. बघणाऱ्यांनी गाडीचा रंग आणि अर्धामुर्धा नंबर सांगितला. ते पेंटरच्या गाडीशी जुळलं, म्हणून संध्याकाळी पोलिसांनी त्याला उचललं. दुसऱ्या दिवशी खरी गाडी एका गॅरेजमध्ये सापडली आणि याला सोडून दिलं. तोवर हात मोडला होता.

"त्या संध्याकाळी ठाण्यात कोण कोण होतं?" बाईंनी विचारलं.

"जमादार होता. शेजारच्या कोठडीत एक पाकीटमार होता. ठाणेदार साहेब जेवायला गेले होते."

"आणखी कुणी?"

पेंटरने ब्रश रंगात बुडवला. बराच वेळ निथळत ठेवला. "आणखी कोण असणार?"

विचारलेल्या प्रश्नाला उलट प्रश्न करणारा माणूस खोटं बोलत नसतो, पण खरंही बोलत नसतो. बाईंनी ते कुसळ मनात बाजूला काढून ठेवलं.

"तुम्ही घरी कुणाबरोबर राहता?"

"वडील आहेत. आई गेली." मग घाईने म्हणाला, "त्यांना भेटायची गरज नाही हं. त्यांची तब्येत बरी नसते."

३

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला.

"ही बघा, बोटांच्या मागची हाडं. तळव्यातली. काठीचे फटके, एकाच जागी. बाकी अंगावर ओरखडा नव्हता."

"पाठीवर? मांड्यांवर?"

"कुठेच नाही. मला तेव्हाच चमत्कारिक वाटलं होतं." डॉक्टर उठून उभे राहिले. "माझ्यावर काठी उगारा बरं."

बाईंनी टेबलावरची फूटपट्टी उचलून उगारली. डॉक्टरांनी झटकन कोपर वर करून डोकं झाकलं.

"बघितलंत? मार चुकवताना माणूस असं करतो. मग मोडतं ते इथे, कोपराच्या खाली. नाहीतर अंग चोरतो, मूठ आवळतो. याचा हात सपाट उघडा होता. पहिल्या फटक्याला होता, आणि नंतरही तिथेच होता."

"म्हणजे कुणीतरी धरून ठेवला होता?"

"धरला असता तर मनगटावर वळ उठले असते."

"हे तुम्ही शिस्तभंग समितीला सांगितलंत?"

"मला बोलावलंय कोणी? कबुली होती ना त्यांच्याकडे." डॉक्टरांनी फोटो पाकिटात सरकवला आणि आवाज खाली आणला. "वकीलबाई, तो हात कुणी धरला नव्हता. त्याने स्वतः पुढे केला होता."

४

बडतर्फ जमादार आता एका गोदामाच्या फाटकावर राखणदार होता. माणूस दरवाजाएवढा. खात्यात त्याला 'ढोल' म्हणायचे. अशा देहाच्या माणसाने कुणाचा हात मोडला म्हटलं, तर कोण नाही म्हणेल?

"मी कबूल केलंय," त्याने उभ्याउभ्याच सांगितलं. "विषय संपला."

"ऐकून जाते मी. कशाने मारलंत?"

"काठीने."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? पाठीवर, पायांवर. मग हातावर बसली."

"पाठीवर वळ नव्हते."

जमादार फाटकाकडे वळला. एक ट्रक आला, त्याला फाटक उघडून दिलं, पुन्हा लावलं. तेवढ्या वेळात त्याने काहीतरी ठरवलं असावं.

"बाई, एवढी वर्षं नोकरी केली. कुणावर हात उचललाच नाही असं म्हणत नाही, खोटं कशाला बोलू. पण जे झालं ते झालं. माझी बायको शेजारणींना तोंड दाखवत नाही. पोरगी म्हणते, बाबा, तुम्ही खरंच? मी हो म्हणालो. आता तुम्ही ती खपली काढू नका. त्या पेंटरला म्हणावं, अर्ज मागे घे. आणि सरांना यात ओढू नका."

"कोणत्या सरांना?"

जमादाराचं तोंड उघडंच राहिलं.

"मी कुठल्याच सरांचं नाव काढलं नव्हतं," बाई हळूच म्हणाल्या.

त्याने फाटकाला कडी घातली. एवढा मोठा माणूस, पण पाठमोरा चालताना शाळेतून घालवून दिलेल्या पोरासारखा दिसत होता.

५

पाकीटमाराला शोधायला कुठे जावं लागलं नाही. 'पिसू'ची कोर्टात कायम कुठली ना कुठली तारीख असायचीच. बाईंनी त्याला जिन्याखाली गाठलं आणि आधी आपली पर्स काखेत घट्ट धरली.

"अहो बाई, ओळखीच्यांची नाही मारत मी," पिसू दुखावला.

"त्या संध्याकाळी तू शेजारच्या कोठडीत होतास. काय पाहिलंस?"

"पाहिलं काहीच नाही. माझ्या कोठडीचं तोंड भिंतीकडे. पण कान उघडे होते. आणि खरं सांगतो, असा मार मी जन्मात ऐकला नाही."

"फार जोराचा?"

"फार शांत!" पिसूने डोळे मोठे केले. "शिवी नाही. आईवरून नाही, बापावरून नाही, काही नाही. पोलिसाचा मार आणि शिवी नाही, म्हणजे फोडणीशिवायची आमटी. आणि तो मार खाणारा तर त्याच्याहून अजब. ओरडेना! अहो, ओरडलं की मार आटपता घेतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. हा हूं नाही का चूं नाही."

"मारणारा जमादारच होता, हे तुला कसं माहीत?"

"मी कधी म्हटलं जमादार होता?"

बाईंची पर्स काखेतून निसटली. पिसूने ती वरच्यावर झेलून परत दिली.

"जमादार बाहेर व्हरांड्यात होता. त्याला त्या दिवशी सर्दी झाली होती, सारखा शिंकत होता. आत फटका पडला आणि बाहेरून शिंक आली. पुन्हा फटका, पुन्हा शिंक. एका माणसाला आत मारता आणि बाहेर शिंकता येतं का? त्याचे बूट आधी बाहेर गेले ते मी ऐकलं. मग आत कुणीतरी आलं, बूट नव्हते पायात. ठाणेदार आले ते नंतर, सगळं आटोपल्यावर."

"हे कुणाला सांगितलंस?"

"मला विचारतंय कोण, बाई? मी चोर."

६

ठाणेदाराने खुर्ची दिली, चहा मागवला आणि तोंडभर हसला. कबुलीचं नाव काढताच हसू ओसरलं.

"जमादाराने लिहून दिलं. समितीने एका बैठकीत प्रकरण मिटवलं. दार ठोठावत कबुली आली तर तिला हाकलून द्यायची का?"

"लिहून दिलं की लिहून घेतलं?"

"शब्दांचा खेळ नका करू बाई." त्याने कप बशीत जोरात ठेवला. "बाहेरचा माणूस आत घुसतो, काठी चालवतो, असं चव्हाट्यावर आलं असतं तर अख्खं ठाणं बदनाम झालं असतं. एका जमादाराचं डोकं फिरलं म्हटलं की एकच माणूस जातो."

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपण काय बोललो. बाई मात्र चहा संपवत होत्या.

"बाहेरचा माणूस," त्या म्हणाल्या. "आभारी आहे."

ठाण्याच्या पायऱ्या उतरताना त्यांनी सगळं एका ओळीत मांडलं. शिवी न देता मारणारा. ज्याच्यासमोर तिशीतला माणूस न ओरडता हात पुढे करतो, असा. ज्याला दरवाजाएवढा जमादार 'सर' म्हणतो, असा. उत्तर सुटलं होतं. कोडं सुटल्याचा तो जुना, ओळखीचा आनंद त्यांच्या अंगभर पसरला.

तो पेंटरच्या गल्लीत पोचेपर्यंतच टिकला.

७

"सरांचं घर? ते काय, निळ्या खिडकीचं," किराणा दुकानदार म्हणाला. विचारलं नव्हतं तरी पुढे बोलत राहिला. "आमचे मुख्याध्यापक होते. या भागातले निम्मे लोक त्यांच्या हाताखालून गेले. दुसऱ्या शिक्षकांचा मार खाऊन आम्ही सरांच्या खोलीत जाऊन रडायचो. अख्ख्या नोकरीत सरांनी एका पोराला बोट लावलं नाही. देवमाणूस!"

"तो जमादारही त्यांचाच विद्यार्थी?"

"ढोल? शेवटच्या बाकावरचा. सरांनी हाताला धरून पास केला त्याला. आणि त्याने काय पांग फेडले बघा, सरांच्याच पोराचा हात मोडला!"

दार उघडंच होतं. आत पेंटर कुठेतरी जायला निघाला होता आणि वडील त्याच्या बाहीचं बटण लावत होते. मुलाने उजवा हात पुढे धरला होता, तळवा वर करून. म्हाताऱ्याला बटण काजात घालता येत नव्हतं. दोघांपैकी कुणीच एकमेकांकडे बघत नव्हतं.

बाईंना वाटलं, इथून परत फिरावं.

"या," वडील म्हणाले. "तुम्ही याल असं वाटलंच होतं."

"मी सांगितलं होतं, यांना भेटायचं नाही," पेंटर तडकला.

"बसू दे त्यांना." वडिलांनी खुर्ची पुढे केली. स्वतः मात्र उभेच राहिले.

बाईंनी एकच प्रश्न विचारला. "सर, तुमच्या मुलाचा हात कायमचा गेला. ज्याला शिक्षा झाली त्याला परत घ्या म्हणून मुलगा कोर्टात आला. दुसरा कुठलाही बाप माझ्या अंगावर धावून आला असता. तुम्हाला राग नाही येत?"

"कुणाचा येईल?" वडील म्हणाले.

"बाबा, नको."

"बोलू दे रे. घरात किती दिवस कोंडून ठेवायचं?" ते बाईंकडे वळले. "ढोलने माणूस पाठवून मला बोलावून घेतलं. म्हणाला, सर, तुमचा मुलगा म्हातारीला उडवून पळाला, आणि कबूल होत नाही. तुम्हीच समजवा. आणि हसत हसत स्वतःची काठी माझ्या हातात दिली. त्याला वाटलं, सर काय मारणार! शाळेत सगळ्यांना तसंच वाटायचं."

"आणि घरी?"

त्या प्रश्नाने म्हाताऱ्याचा चेहरा एकदम विझला.

"शाळेत मी देवमाणूस होतो. दिवसभर देवमाणूस राहायला फार ताकद लागते बाई. ती संपायची. मग घरी यायचो, आणि घरी हा एकटाच होता."

पेंटर खिडकीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

"त्या दिवशी मी याला काही विचारलंसुद्धा नाही. तू धडकलास का, एवढं तरी विचारायचं? मनात एकच होतं, उद्या लोक मला काय म्हणतील. मी काठी घेऊन नुसता उभा राहिलो. हात पुढे कर, असंही म्हणालो नाही. यानेच केला. लहानपणी करायचा, तस्साच. आणि मी..."

मुलगा न वळताच म्हणाला,

"बाबांनी मारलं याची लाज नाही हो मला. एवढा बाप्या माणूस मी, मिशा आलेला, चूक माझी नव्हती, आणि मी हात पुढे केला. कोर्टात ते कसं सांगायचं?"

कोडं सोडवल्याच्या ज्या आनंदात बाई आल्या होत्या, त्याची त्यांना आता किळस आली. कुणाच्या तरी घराचं दार आपण पायाने ढकललं, असं काहीतरी वाटत राहिलं.

"मग अर्ज का केलात?" त्यांनी शेवटी विचारलं.

"ढोलची पोरगी शाळेच्या फाटकाजवळ भेटली. मी पाटी रंगवत होतो. म्हणाली, काका, माझ्या बाबांना माफ करा. मी शिडीवरून खालीच उतरू शकलो नाही."

८

कोर्टात बाई जेमतेम काही मिनिटं बोलल्या.

"साहेब, समितीसमोर कबुलीखेरीज काहीच नव्हतं. कबुली म्हणते, पाठीवर आणि पायांवर मारलं. डॉक्टर म्हणतात, तळव्याखेरीज अंगावर खूण नाही. शेजारच्या कोठडीतला माणूस सांगतो, मार चालू असताना जमादार बाहेर होता. समितीने डॉक्टरांना बोलावलं नाही, शेजाऱ्याला बोलावलं नाही, ज्याला मार बसला त्यालाही विचारलं नाही. कबुली मिळाली की डोळे मिटायचे, याला निर्णय म्हणत नाहीत."

"मग मारलं कुणी?" न्यायमूर्तींनी विचारलं.

"निर्णय सदोष होता हे दाखवायला ते नाव लागत नाही."

कोर्टाच्या मागच्या बाकावरून आवाज आला. "लागेल. नाव लागेल."

मुख्याध्यापक उभे होते. इस्त्रीचा सदरा, भांग पाडलेला. दोन्ही हात अंगाशी घट्ट. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या जमादाराने डोळे मिटून घेतले.

न्यायमूर्तींनी म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग पेंटरकडे, मग बाईंकडे. बाई खाली बघत होत्या. न्यायमूर्तींना बहुधा तेवढ्यावरच कळलं.

"बसा," ते हळू आवाजात म्हणाले. "इथे साक्ष घेतली जात नाही. तुम्हाला जे सांगायचं आहे ते समितीला सांगा. त्यांनी तुम्हाला विचारायला हवं होतं, आता विचारतील. त्याआधी मी ते ऐकलं, तर त्यांची चूक मी केल्यासारखं होईल."

म्हातारा तसाच उभा राहिला. कबूल करायला धीर गोळा करून आला होता आणि इथे ते घ्यायलाच कुणी तयार नव्हतं. शेवटी मुलाने डाव्या हाताने त्याला खाली बसवलं.

बडतर्फीचा निर्णय रद्द झाला. प्रकरण नव्या सदस्यांच्या समितीकडे परत गेलं.

नव्या समितीने सगळ्यांना बोलावलं. पिसू पहिल्यांदाच साक्षीदार म्हणून आला, आणि त्या मानामुळे इतका बावरला की रुमाल स्वतःचाच हरवून बसला. मुख्याध्यापकांनी जे घडलं ते सगळं सांगितलं, घरातलंसुद्धा. त्यांच्यावर वेगळा खटला उभा राहिला आणि त्यांनी वकील घेतला नाही. किराणा दुकानदाराने 'देवमाणूस' म्हणणं बंद केलं. वाईटही बोलला नाही. नुसता सामान बांधून द्यायचा. ठाणेदाराची बदली झाली, मग चौकशी लागली.

जमादाराची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "काठी माझी होती. कोठडीची किल्ली माझी होती. सर मारणार नाहीत असं वाटलं म्हणून दिली, हे खरं. पण पहिला फटका मी ऐकला. दुसराही ऐकला. दोन ढांगांत आत पोचलो असतो. आत जाऊन सरांचा हात कसा धरायचा, याची मला लाज वाटली. म्हणून उभा राहिलो."

समितीने या वेळी सगळं ऐकून, सगळं तोलून निर्णय दिला. कोठडीतल्या माणसाला दुसऱ्याच्या हाती देऊन व्हरांड्यात उभं राहिल्याबद्दल जमादार पुन्हा बडतर्फ झाला.

ऐकल्याबरोबर पेंटर गोदामावर धावला. वकीलबाईही मागोमाग गेल्या. जमादाराची मुलगी बापाचा डबा घेऊन आली होती. ती फाटकाच्या आत, त्याच्याशेजारी बाकावर बसली होती.

"पुन्हा अर्ज करू," पेंटर धापा टाकत म्हणाला. "बाई म्हणतात, शिक्षा जास्त आहे असं मांडता येईल."

"मांडता येईल," बाईंनी दुजोरा दिला. "कोर्ट कदाचित ऐकेलही."

जमादाराने मुलीकडे पाहिलं. तिने डब्याचं झाकण काढून त्याच्यापुढे सरकवलं.

"नको बाई," तो म्हणाला. "पहिला निकाल माझा नव्हता, उगाच अंगावर घेतला होता. हा माझा आहे. राहू दे."